वाढलेल्या टायरांच्या ब्रेकांविषयी : परिवहन आयुक्तांस खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांचे सेवेशी,



यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी या तालुक्याच्या गावी ज्याने नोकरीची सारी वर्षे माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात घालविली, आणि ज्याचे कितीतरी विद्यार्थी आज मालमोटारींचे चालक, मालक अथवा मिस्त्री होऊन या पंचक्रोशीचा कापूस, सरकी, सोयाबीन आणि तूर वाहून नेत आहेत, अशा एका निवृत्त शिक्षकाचे हे पत्र आहे. ते बंद लिफाफ्यात न पाठविता उघडपणे लिहीत आहे, कारण त्यातील मजकुराचा संबंध रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक जिवाशी आहे आणि त्याची चर्चा चारचौघांत होणे मला इष्ट वाटते. विषय असा की, मालवाहू गाड्यांना कारखान्याने ठरवून दिलेल्या मापाहून मोठे टायर सर्रास चढविले जातात, आणि ब्रेक मात्र कारखान्यातून आले तेच आणि तेवढेच राहतात.

ही प्रथा हौसेतून आली असावी असा समज शहरात होणे स्वाभाविक आहे, कारण तिकडे मोठे टायर जीपगाड्यांना बहुधा शोभेसाठी लावलेले दिसतात. आमच्याकडे त्यांना गरजेने आणले. काळ्या कापसाच्या जमिनीतून जाणारे आमचे पांदण रस्ते पावसाळ्यात आणि त्यानंतरही कितीतरी दिवस अशा चिखलाचे असतात की भरलेली गाडी आसापर्यंत रुतावी आणि ती काढायला गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागावा. तेव्हा ज्याचे पोट गाडीवर आहे तो मालक गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे वर उचलण्याची तजवीज करतो, आणि त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘नऊशे-वीस’चे टायर उतरवून ‘हजार-वीस’चे किंवा त्याहून मोठे चढविणे, अथवा लहान ट्रक असेल तर ‘साडेसातशे-सोळा’च्या जागी ‘सव्वाआठशे-सोळा’ बसविणे हा होय. मोठा टायर अधिक भार पेलतो, खड्ड्यात लवकर फुटत नाही, अधिक दिवस चालतो, हेही खरेच आहे. टायरांच्या पाठोपाठ पाटे वाढविले जातात, पाट्यांच्या पाठोपाठ हौद्याच्या फळ्या उंच होतात, आणि अशा रीतीने गाडी नोंदणी-पुस्तकात लिहिलेल्या गाडीहून हळूहळू वेगळीच होऊन जाते. या मालकांना मी ओळखतो. त्यांतले कित्येक माझ्या वर्गात बसलेले आहेत. ते बेफिकीर नाहीत. वाढलेल्या चाकाने ब्रेकचे काय केले हे त्यांना कोणी कधी सांगितले नाही, एवढेच.

जे मी वर्गात शिकवीत आलो तेच येथे थोडक्यात मांडण्याची परवानगी असावी. ब्रेक चाकाला धरतो तो ड्रमच्या परिघावर. गाडी थांबते ती टायर जेथे रस्त्याला टेकतो तेथे. ड्रमची त्रिज्या कारखान्याने ठरविलेली, लायनरची रुंदी ठरविलेली, हवेच्या दाबाने शू पसरविणारे बळही ठरविलेले. सबब ड्रमवर निर्माण होणारा रोधक पीळ कायम राहतो. तो पीळ रस्त्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याला टायरच्या त्रिज्येने भागावे लागते. टायर दहा टक्क्यांनी मोठा झाला की गाडीला मागे खेचणारे बळ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, आणि ही घट भरून काढण्यासाठी चालकाने कितीही जोराने पाय दाबला तरी, हवेचा दाब आपल्या कमाल मर्यादेला पोहोचल्यानंतर, त्याच्या पायाचा काही उपयोग होत नाही.

एवढ्यावर हे थांबत नाही. वेगाचा काटा चाकाच्या, किंवा चाकाला जोडलेल्या गिअरपेटीच्या, फेऱ्या मोजतो. रस्ता तो मोजीत नाही. मोठा टायर एका फेरीत अधिक अंतर जातो. म्हणून काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता ती गाडी वस्तुतः ६६ ने धावत असते, आणि ज्या वेगनियंत्रकाने मालवाहू गाडीला ८० च्या वर जाऊ द्यावयाचे नाही तो निमूटपणे ८८ पर्यंत जाऊ देतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दहावीच्या मुलालाही पाठ असते: वेग एकदशांशाने वाढला की ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. आता ही वाढलेली ऊर्जा आणि ते घटलेले बळ एकत्र धरा, म्हणजे असे दिसेल की ज्या गाडीच्या टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, ती गाडी, काट्यावर तोच आकडा असताना, पूर्वीपेक्षा एकतृतीयांशाने अधिक अंतर घेऊन थांबते. ‘साडेसातशे-सोळा’वरून ‘सव्वाआठशे-सोळा’वर जाताना व्यास सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्यानेही थांबण्याचे अंतर जवळजवळ एकपंचमांशाने लांबते. ज्या गाडीला थांबायला पूर्वी ४० मीटर लागत तिला ४८ लागतात, आणि या वाढीव ८ मीटरांत एक बैलबंडी सहज मावते.

उताराची गोष्ट याहून गंभीर आहे. यवतमाळच्या पठारावरून वाघाडीच्या खोऱ्याकडे उतरताना शहाणा चालक गाडी खालच्या गिअरमध्ये घालून इंजिनाच्या रोधावर उतरवितो आणि ब्रेकला विसावा देतो. परंतु चाक मोठे झाले की तोच गिअर आपोआप ‘उंच’ होतो, इंजिनाची पकड त्याच प्रमाणात सैल पडते, आणि जो भार इंजिनाने वाहावयाचा तो लायनरवर येऊन पडतो. १८.५ टनांची गाडी ६० च्या वेगात असता एकदा पूर्ण थांबविण्यात जी उष्णता निर्माण होते ती साडेसात लिटर पाण्याला २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यावयास पुरेशी आहे; पण तीच गाडी १०० मीटर उंची उतरून खाली आणावयाची, आणि सारी उष्णता ब्रेकनेच शोषावयाची, तर तेवढ्या उष्णतेने ५४ लिटर पाणी उकळेल. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. लायनरचा पृष्ठभाग जळून गुळगुळीत होतो. चालक पाय दाबतो, हवा सुटल्याचा आवाज येतो, आणि गाडी चालतच राहते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरविण्याची वाईट सवय ज्याला लागलेली आहे त्याच्याविषयी तर काय लिहावे? अपघातानंतर पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ असे दोन शब्द येतात, आणि ते ब्रेक त्या चाकासाठी घडविलेलेच नव्हते ही गोष्ट त्या दोन शब्दांखाली कायमची गाडली जाते.

महोदय, आता माझ्या पत्राच्या मर्मापाशी येतो. हा दोष दिसत का नाही? तो दिसत नाही, कारण आपण गाडी रिकामी तपासतो. रिकाम्या गाडीचे वजन इतके कमी असते की साधा ब्रेकसुद्धा तिची चाके जागच्या जागी जखडू शकतो. तेथे मर्यादा असते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाची. ब्रेकचे बळ नऊ टक्क्यांनी घटले काय किंवा पंधरा टक्क्यांनी घटले काय, रिकाम्या गाडीच्या चाचणीत काहीच फरक पडत नाही; गाडी झोकात थांबते, तपासनीसाचे समाधान होते, आणि दाखला मिळतो. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीचे पथ बांधण्याचा आग्रह धरला, आणि ज्या कचेऱ्यांपाशी असे पथ नाहीत त्यांना योग्यता प्रमाणपत्रे देण्यास मनाई केली, ही महाराष्ट्राच्या परिवहन-इतिहासातील एक अत्यंत मोलाची घटना आहे आणि त्या गृहस्थांचे ऋण सर्वांवर आहे. परंतु पथ २५० मीटरांचा असला तरी त्यावरून धावणारा हौदा जर मोकळा असेल, तर ज्या परिस्थितीत माणसे मरतात ती परिस्थिती त्या पथावर कधी निर्माणच होत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी होणारी ही तपासणी, ज्याला आमच्याकडे सारे ‘पासिंग’ म्हणतात, ती या एका बाबतीत आंधळी आहे. टायरांच्या मापाची रुजवात नोंदणी-पुस्तकाशी घेतली तर निदान पहिली खूण सापडावी; पण पासिंगपुरते दुसऱ्याच्या गाडीचे मूळ मापाचे टायर मागून आणावयाचे आणि संध्याकाळी परत करावयाचे ही युक्ती आता कोणालाही नवी राहिलेली नाही.

याच संदर्भात जुलै २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेचा उल्लेख केला पाहिजे. तिने दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. देशाच्या व्यापाराला त्याची आवश्यकता असेल. मी त्या वादात शिरत नाही. मला एवढेच दिसते की जिनिंगमधून निघणारी एक दाबीव गाठ १७० किलोंची असते, हौदा मोकळ्या कापसाने भरला तर जे वजन भरत नाही ते गाठींनी पाहता पाहता भरते, आणि अनुज्ञेय मर्यादा वाढली की त्यापलीकडे आणखी चार गाठी टाकण्याचा मोहही तिच्यासोबत वर सरकतो. भार वाढला, टायर वाढले, वेग काट्याच्या नकळत वाढला. वाढले नाहीत ते ब्रेक.

गती देणारे यंत्र आधी वाढावे आणि थांबविणारे यंत्र मागाहून, तेही मृत्यूंचा हिशेब झाल्यानंतर, यावे, हा क्रम काही आजचा नव्हे. आमच्या जिल्ह्याचा कापूस प्रथम यंत्रबळावर मोठ्या प्रमाणात बाहेर गेला तो १९०३ मध्ये सुरू झालेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद मापाच्या लोहमार्गाने, ज्याला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत आले. तो मार्ग सुरू होण्याच्या चौदा वर्षे आधी, १२ जून १८८९ रोजी, आयर्लंडमधील आर्मा या गावाजवळ मुलांना सहलीस घेऊन निघालेली आगगाडी चढावावर अडली, तिचे मागचे डबे सोडविण्यात आले, आणि जोडणी सुटताच निकामी होणारा ब्रेक असल्यामुळे ते डबे उतारावरून मागे धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले; सुमारे ८० माणसे दगावली, आणि त्यांत मुले पुष्कळ होती. जोडणी तुटली तरी आपोआप लागणारा हवेचा ब्रेक त्यापूर्वीच ठाऊक होता, वेस्टिंगहाऊस या संशोधकाने १८६९ पासून त्या दिशेने काम चालविले होते, तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत होते. पण सक्ती नव्हती. आर्माच्या अपघातानंतर त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना असा ब्रेक बंधनकारक करणारा कायदा संमत केला. तो कायदा एक वर्ष आधी करण्यास कोणती अडचण होती, असा प्रश्न इतिहास वाचताना मला नेहमी व्याकुळ करतो, आणि या पत्रामागची प्रेरणा, खरे सांगावयाचे तर, तीच आहे.

कायद्याची बाजू मी पाहिली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी-पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई अधिक स्पष्ट केली. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ खाली असा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंतचा कारावास अथवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा टायर वाढविणारा आजही गुन्हेगार ठरतो, यात शंका नाही. परंतु या व्यवस्थेचा एक विपरीत परिणाम आपल्या नजरेस आणणे माझे कर्तव्य आहे. ज्या मालकाने मोठे टायर चढविले आहेत, आणि ज्याला कोणी समजावून सांगितल्यावर ब्रेकही त्या मापाचे करून घ्यावेसे वाटते, तो अर्ज घेऊन कोठेही जाऊ शकत नाही, कारण ब्रेक बदलणे हाही फेरफारच, आणि अर्ज म्हणजे पहिल्या फेरफाराचा कबुलीजबाब. टायर दोन तासांत उतरविता येतात आणि पुन्हा चढविता येतात. आस आणि ड्रम तसे लपविता येत नाहीत. म्हणून धोका वाढविणारा फेरफार निर्धास्त चालतो आणि धोका कमी करणारा फेरफार भीतीने होत नाही, किंवा झाला तर चोरून, अर्धवट, आणि अजाण हातांनी होतो.

अजाण हातांनी काय होते तेही सांगतो, कारण या ठिकाणी मिस्त्रींचे अज्ञान मालकांच्या अज्ञानाइतकेच घातक आहे. लहान मालवाहू गाडीत ब्रेक ऑइलचा मोठा मास्टर सिलिंडर बसविला म्हणजे ब्रेक ‘कडक’ होतो आणि म्हणून चांगला होतो, असा समज फार पसरलेला आहे. तो साफ चुकीचा आहे: पायाचे बळ तेच आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ मोठे, तर पास्कलच्या नियमानुसार दाब कमी होतो, पॅडल कडक लागते ते त्यामुळेच, आणि चाकावर पोहोचणारे बळ घटते. हवेच्या ब्रेकमध्ये मोठा चेंबर किंवा लांब दांडीचा स्लॅक ॲडजस्टर लावला तर शू अधिक जोराने दाबले जातात हे खरे, पण ड्रम आणि लायनर जुन्याच मापाचे असल्याने अधिकची उष्णता कोठे जावयाची, याचे उत्तर कोणी देत नाही; पहिल्या उताराला ब्रेक उत्तम लागतो आणि तिसऱ्या उताराला लागत नाही. केवळ पुढचे ब्रेक वाढविले तर पुढची चाके आधी जखडून गाडी वळविता येत नाही, केवळ मागचे वाढविले तर मागची चाके जखडून गाडी आडवी फिरते, आणि कापसाने उंच भरलेली, मोठ्या टायरांनी आधीच वर उचललेली गाडी आडवी फिरली की ती कलंडण्यास फारसे निमित्त लागत नाही.

योग्य सुधारणा कोणती, हे मात्र गूढ नाही. कारखाने स्वतःच एका चेसिसच्या अनेक आवृत्त्या विकतात, आणि ज्या आवृत्तीला मोठे टायर असतात तिला बहुधा अधिक रुंद ड्रम व लायनर, त्याला जुळणारे चेंबर, आणि पुढच्या-मागच्या आसांत बळाची वाटणी करणारी झडप, असा पूर्ण संच त्यांनी मोजूनमापून दिलेला असतो. तोच संच, अखंड स्वरूपात, त्याच कारखान्याच्या अधिकृत कार्यशाळेत बसवावा. त्याबरोबर वेगाचा काटा व वेगनियंत्रक नव्या टायरच्या परिघाशी जुळवून घ्यावा. आणि उताराच्या मुलखात चालणाऱ्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेकची जोड द्यावी. यात शोध लावण्यासारखे काही नाही. उणीव आहे ती या गोष्टीला कायद्याने मुभा देण्याची.

आणि अशा मुभेला अधिनियमात पूर्वोदाहरण आहे. पेट्रोलवर चालणारी गाडी सी.एन.जी.वर चालवावयाची असेल तर मान्यताप्राप्त संच, मान्यताप्राप्त केंद्रात, बसवून त्याची नोंद पुस्तकात करून घेता येते. कलम ५२ ने स्वतःच तो मार्ग मोकळा ठेविला आहे. इंधनाच्या काटकसरीसाठी जे करता येते ते माणसांच्या प्राणांसाठी का करता येऊ नये? पुण्यात १९६६ पासून वाहनांची शास्त्रीय परीक्षा करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आपल्या हाताशी आहे; तिने ब्रेकचे संच व टायरांची मापे यांच्या जोड्या तपासून मान्य कराव्यात, आणि मान्य जोडी पूर्ण बसविणाऱ्या मालकास विहित शुल्क घेऊन नोंद करून द्यावी, अशी शिफारस महाराष्ट्र शासनातर्फे केंद्रीय मंत्रालयाकडे आपण करावी, ही माझी पहिली आणि मुख्य विनंती आहे. नियम केंद्राचे आहेत हे मी जाणतो. पण जे राज्य २५० मीटरांच्या पथाच्या प्रश्नात न्यायालयीन आदेशांतून गेले आहे, त्या राज्याच्या शिफारशीला वजन असेल अशी माझी खात्री आहे. अशी मुभा मिळाल्यानंतर मात्र ब्रेकशिवाय टायर वाढविणाऱ्यास काडीचीही सवलत देऊ नये.

दुसरी विनंती आपल्या अधिकारातील असावी असे वाटते. मालवाहू गाडीच्या ब्रेकची चाचणी भारासह व्हावी. प्रत्येक कचेरीत वजनाचे ठोकळे ठेवणे अवघड असेल, तर जेथे रोलरवर ब्रेकचे बळ मोजण्याची सोय आहे तेथे आस खाली खेचून धरून भाराचा परिणाम साधता येतो. आणि जेथे तीही सोय नाही तेथे निदान दाखल्यावर टायरचे प्रत्यक्ष माप हाताने लिहिण्याची सक्ती करावी, म्हणजे पुढे रस्त्यावर कोणत्याही अधिकाऱ्यास खातरजमा करता येईल आणि पासिंगपुरते टायर मागून आणण्यात अर्थ उरणार नाही. जिनिंगच्या फाटकांवर हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, गाड्या भरलेल्या असतात, वजनकाटा तेथेच असतो. भारित गाडीची तपासणी करण्यास याहून सोयीची जागा दुसरी नाही. तपासणीबरोबर आपल्या एखाद्या जाणत्या निरीक्षकाने चालकांना अर्धा तास समजावून सांगितले तर दंडाहून अधिक उपयोग होईल. आमची मुले ऐकतात, आणि हिशेब तर फार लवकर समजून घेतात.

आणि पांदण रस्त्यांचा प्रश्न आपल्या खात्याचा नसला तरी तो ज्यांचा आहे त्यांच्या कानावर आपण घालावा. मुरूम आणि खडी पडलेल्या रस्त्यावर मूळ मापाचे टायरही चालतात. मालकाला ते ठाऊक आहे, आणि मोठ्या टायरची जास्तीची किंमत तो हौसेने मोजीत नाही.

आमचे रस्ते लोकवस्तीतून आणि जंगलातून जातात. पारव्याकडून पांढरकवड्याकडे जाताना टिपेश्वर अभयारण्याचा परिसर लागतो, संध्याकाळी रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात, सकाळी त्याच रस्त्याच्या कडेने मुली सायकलींवर शाळेला येतात. दसऱ्यापासून नवा कापूस येऊ लागेल आणि दिवाळीनंतर गाड्यांची वर्दळ रात्रंदिवस सुरू होईल. केंद्राकडील शिफारशीस वेळ लागेल हे मी समजू शकतो. परंतु टायरचे माप दाखल्यावर लिहिण्याविषयीचे परिपत्रक आणि जिनिंगच्या फाटकांवरील भारित तपासणीचा हुकूम या दोन गोष्टी या हंगामापूर्वी होण्यासारख्या आहेत. घाटंजीत अशी तपासणी ठेवावयाची झाल्यास माझे जुने विद्यार्थी आपल्या गाड्या स्वखुशीने पहिल्या रांगेत उभ्या करण्यास तयार आहेत. त्यांतल्या तिघांनी हे पत्र मी लिहिण्यापूर्वीच तसे मला सांगितले आहे, आणि त्यांच्या गाड्यांचे टायर मोठे आहेत.



आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
घाटंजी, जि. यवतमाळ